जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये एकाच टाइपच्या दोन फील्ड्सना वेगवेगळं कन्व्हर्जन कसं द्यायचं?

तुमची अडचण अशी: दोन्ही फील्ड्स इंटिजरच, पण एकीत '2:30' आलं की 150 मिनिटं व्हायला हवीत आणि दुसरीत साधा आकडा. साधा कन्व्हर्टर (आलेला मजकूर हव्या त्या टाइपमध्ये बदलणारा कोड) फक्त टाइप बघतो, त्यामुळे तो सगळ्याच इंटिजरवर चालून जातो.

@मिनिट्स अशी स्वतःची ॲनोटेशन (फील्डवर लावायची खूण) बनवा आणि 'कंडिशनलजेनेरिककन्व्हर्टर', म्हणजे अट जुळली तरच चालणारा कन्व्हर्टर, लिहा. त्यातल्या मॅचेस मेथडला टार्गेटचा, म्हणजे ज्या फील्डमध्ये व्हॅल्यू जायची तिचा, टाइपडिस्क्रिप्टर (टाइप आणि ॲनोटेशनची माहिती) मिळतो. त्यावर हॅजॲनोटेशन वापरून @मिनिट्स आहे का ते विचारायचं. फॉल्स आलं की स्प्रिंग आपला नेहमीचा कन्व्हर्टर वापरतं, बाकीच्या फील्ड्सना धक्का लागत नाही. स्प्रिंगच्या स्वतःच्या @डेटटाइमफॉरमॅटमागेही असाच विचार आहे, फक्त तिथे ॲनोटेशनफॉरमॅटरफॅक्टरी वापरली आहे. मजकूर वाचण्याबरोबर व्हॅल्यू परत मजकूर म्हणून छापायचीही असेल तर ही फॅक्टरीच घ्या, मला तीच जास्त सुटसुटीत वाटते.

ॲनोटेशनवर रिटेन्शन (ती कुठवर टिकते ते) रनटाइम लिहायला विसरू नका. न लिहिल्यास डीफॉल्ट 'क्लास' असतो. कोड बिनतक्रार कंपाइल होतो, ॲनोटेशन मात्र रनटाइमला दिसतच नाही आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

हे सगळं फॉर्म, क्वेरी पॅरामीटर वगैरेंसाठी. रिक्वेस्ट बॉडीतला जेसन (JSON) डेटा जॅक्सन ही वेगळी लायब्ररी वाचते, आणि ती स्प्रिंगच्या कन्व्हर्टरांना विचारत नाही. तिथे (जॅक्सन 2 मध्ये) काँटेक्स्चुअलडीसीरियलायझर, म्हणजे कोणत्या फील्डसाठी वाचतोय हे बघणारा वाचक, लिहा. त्याच्या क्रिएटकाँटेक्स्चुअल मेथडमध्ये प्रॉपर्टीवरून ॲनोटेशन वाचा, ती प्रॉपर्टी नल असू शकते हे धरून चाला, आणि नवा डीसीरियलायझर ऑब्जेक्ट परत करा; जुन्यातच बदल केलात तर एका फील्डची सेटिंग दुसरीला चिकटेल.