आधी समुद्र, मग जंगल : सबाहला एकट्याने जाणाऱ्यांचे प्रश्न

बोर्निओ बेटावरच्या मलेशियाच्या सबाह राज्यात एकट्याने जायचं, किनाबातांगान नदीच्या काठी ओरांगउटान, लांबनाकी माकडं आणि धनेश पाहायचे आणि त्याच रजेत सिपादान बेटाजवळ समुद्रात डाइव्ह करायचं, असा बेत आखणारे बरेच वाचक मला लिहितात. मी डाइव्हिंग मेडिसिनचा डॉक्टर आहे. पत्रं वेगवेगळ्या माणसांची असली तरी गोंधळ तोच असतो, म्हणून या वेळी निवडक प्रश्नांची एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : जंगलात जळू चावली आणि जखम ओली असताना डाइव्ह केलं, तर रक्ताच्या वासाने शार्क येतील का?

नाही. सिपादानचे व्हाइटटिप शार्क तुमच्या घोट्यासाठी येत नाहीत. काळजी जखमेची करा. जळवेच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही आणि तास-दोन तास झिरपत राहतं. जखम साबणाने धुवा, खाजवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : मला नंबरचा चश्मा आहे. डाइव्ह करता येईल का?

येईल. नंबरचा मास्क मिळतो.

प्रश्न : लहानपणी दमा होता, आता वर्षानुवर्षं त्रास नाही. बुकिंग करून देणाऱ्याने सांगितलं, डाइव्हिंगआधी तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो, त्यावर सगळीकडे 'नाही' लिहा, नाहीतर डॉक्टरचा दाखला मागतील. काय करू?

खरं लिहा. तो फॉर्म तुम्हाला अडवण्यासाठी नसतो. पाण्याखाली फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकली, तर वर येताना ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. हे अगदी उथळ पाण्यातही होतं. जुना दमा असलेले अनेक जण सुरक्षित डाइव्ह करतात, पण स्पायरोमेट्री (फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी) आणि गरज पडल्यास व्यायामानंतरची चाचणी करून. 'नाही' लिहा असं सांगणाऱ्याला त्या दिवशीची बोट भरायची असते. काही बिघडलं तर तो तुमच्याबरोबर रुग्णालयात येणार नाही, आणि खोट्या फॉर्मवर विमा कंपनीही हात वर करील. छातीच्या डॉक्टरांना दाखवा, तेही निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, दोन महिने आधी.

प्रश्न : मलेरियासाठी मित्राने आठवड्याला एकच घ्यायची गोळी सुचवली. सोपी वाटते.

ती मेफ्लोक्विन असणार. डाइव्ह करणाऱ्याने ती घेऊ नये. चक्कर, घाबरणं, गोंधळल्यासारखं होणं हे तिचे दुष्परिणाम आहेत, आणि पाण्यातून वर आलेल्या माणसात नेमकी हीच लक्षणं दिसली तर ती गोळीची की डिकम्प्रेशनची (दाब घटल्याने शरीरात बुडबुडे धरण्याची), हे कोण ठरवणार? डॉक्सीसायक्लिन किंवा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे पर्याय आहेत. पहिलीने त्वचा उन्हात लवकर भाजते, त्यामुळे बोटीवर बाह्या लांब हव्यात. ती परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते, दुसरी सात दिवस. गोळी लागेल की नाही आणि कोणती, हे जंगलात किती रात्री आणि कुठे राहणार यावर ठरतं. मित्राला विचारून ठरवू नका.

प्रश्न : सेम्पोर्नाला (सिपादानच्या बोटी जिथून सुटतात ते गाव) चार दिवस डाइव्ह करून शेवटच्या दिवशी दुपारी मोकळी होईन. विमानाआधी १८ तास थांबावं लागतं हे माहीत आहे. ग्रुपवर एकांनी युक्ती सांगितली : रात्रीच्या बसने सबाहची राजधानी कोटा किनाबालूला जा, जमिनीवरून गेलं की थांबायची गरज नाही. वाटेत किनाबालू पार्कही पाहता येईल. बरोबर आहे का?

चूक आहे, आणि धोकादायक आहे. गेल्या काही वर्षांत ही 'युक्ती' मला इतक्या जणांनी लिहून पाठवली आहे की आज सविस्तर लिहितो.

२० मीटर खोलीवर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या तिप्पट असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू, तासन् तास, श्वासावाटे बाहेर पडत राहतो. चार दिवस रोज तीन डाइव्ह केले तर साठा पूर्ण रिकामा होण्याआधीच त्यात भर पडत जाते. अशा वेळी बाहेरचा दाब अचानक घटला तर सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावं तसं होतं, बुडबुडे धरतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो, म्हणून थांबायचं. विमान हे कारण नाही, उंची हे कारण आहे. मार्गदर्शक सूचना ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतात, मग तुम्ही तिथे विमानाने जा, बसने जा किंवा पायी जा.

आता नकाशा पाहा. सेम्पोर्ना समुद्रसपाटीला. तिथून लाहाद दातू, तेलुपिद, रानाउ, आणि मग रस्ता कुंदासांगचा घाट चढतो. किनाबालू पार्कचं प्रवेशद्वार १,५०० मीटरच्या वर आहे आणि बस त्याच्या समोरून जाते. म्हणजे ज्या उंचीपासून पळायला तुम्ही विमान सोडलंत, तिथेच मध्यरात्री, झोपेत, जवळ कोणी ओळखीचं नसताना पोहोचता. विमानात निदान कर्मचारी तरी असतात.

माझ्याकडे आलेला एक तरुण याच रस्त्याने गेला होता. शेवटचा डाइव्ह सकाळी, बस संध्याकाळी. बसमध्ये डावा खांदा दुखायला लागला तेव्हा त्याला वाटलं, सॅकच्या पट्ट्यामुळे असेल. घाटात बोटांना मुंग्या आल्या, त्याला वाटलं, हात अवघडला. पोटावर जाळीसारखे निळसर-लाल चट्टे उठले होते, ते त्याने जंगलातले किडे चावल्याचे समजून मलम लावलं. तो एकटा होता, त्यामुळे 'अरे, हे काहीतरी वेगळं आहे' म्हणणारं कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी माझ्यासमोर बसला तेव्हा त्याला शर्टाचं बटण डाव्या हाताने लावता येत नव्हतं. दाबकक्षात (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या बंद खोलीत) अनेकदा उपचार करावे लागले. खांदा बरा झाला, पण बोटांची बधिरता पुढे कित्येक महिने राहिली. त्याच रात्री त्याला ऑक्सिजन मिळाला असता तर बरं होण्याची शक्यता कितीतरी जास्त होती.

म्हणून आकडे नीट लक्षात घ्या. एकच साधा डाइव्ह असेल तर किमान १२ तास. अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८. डिकम्प्रेशन स्टॉप करावा लागला असेल (म्हणजे वर येताना नायट्रोजन निघून जावा म्हणून वाटेत थांबणं भाग पडलं असेल) तर त्याहून बराच जास्त, मी २४ तासांच्या खाली जाऊ देत नाही. हे किमान आकडे आहेत, त्यांनी धोका कमी होतो, शून्य होत नाही. तुमच्या बेतात तर मी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवीन.

खरा उपाय युक्तीत नाही, क्रमात आहे. आधी समुद्र करा, मग जंगल. विमानाने थेट तवाउला उतरा, सेम्पोर्नाला जा, डाइव्ह करा. मग लाहाद दातूमार्गे किनाबातांगान, तिथे दोन-तीन रात्री, पुढे सेपिलोकचं ओरांगउटान केंद्र, आणि संदाकानहून परतीचं विमान. हा सगळा पट्टा सखल आहे. नदीवर पहाटे बोटीत बसून तुम्ही लांबनाकी माकडांच्या उड्या पाहत असता आणि नायट्रोजन आपोआप निघून जातो. जळवांच्या जखमा घेऊन पाण्यात उतरावं लागत नाही, हा आणखी एक फायदा. किनाबालूचं ४,०९५ मीटरचं शिखर चढायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी. तिकिटं उलट क्रमाने काढली असतील तर बदला.

डाइव्हनंतर दिवसभरात सांधा दुखला, मुंग्या आल्या, चट्टे उठले, चक्कर आली, लघवी अडली किंवा कारण नसताना गळून गेल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका. आडवे व्हा, शुद्ध ऑक्सिजन मागा, डाइव्ह विम्याच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, जवळचा कोणता दाबकक्ष त्या दिवशी चालू आहे ते त्यांना विचारा. 'पुन्हा पाण्यात उतर, बरं वाटेल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

प्रश्न : सर्दी असेल तर नाक मोकळं करणारी गोळी घेऊन डाइव्ह चालेल का? सिपादानचं परमिट त्याच दिवसाचं आहे.

नको. गोळीचा असर पाण्यात असतानाच उतरला तर वर येताना हवा कानात किंवा सायनसमध्ये अडकते, आणि वर तर यावंच लागतं. परमिटं रोज मोजकीच निघतात हे खरं आहे, पण फाटलेला कानाचा पडदा घेऊन पुढचे सगळेच डाइव्ह जातात. बोट लागते म्हणून घेतलेल्या गोळीचंही तसंच : झोप आणणारी असेल तर चालणार नाही. कोणती चालेल ते आधी विचारा आणि घरी घेऊन पाहा.

प्रश्न : वय ५४, रक्तदाबाची गोळी चालू, तब्येत ठणठणीत. एकटाच जाणार आहे.

ठणठणीत आहे हे हृदयरोगतज्ज्ञांना स्ट्रेस टेस्टनंतर म्हणू द्या. गोळीचं नाव त्यांना सांगा आणि डाइव्ह करणार आहे हेही सांगा. काही गोळ्यांनी जोराच्या प्रवाहात पोहताना हृदय पुरेसं वेगाने धावत नाही.

प्रश्न : पाळी चालू असताना डाइव्ह केलं तर चालतं का?

चालतं. गरोदरपणात मात्र नाही, शंका असली तरी नाही.

प्रश्न : एकट्याने गेल्यावर बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, कोण मिळतो? आणि साधा प्रवास विमा पुरेल ना?

अनोळखी माणूस मिळतो. सिपादानची भिंत ६०० मीटर खोल जाते, खाली तळ दिसत नाही, त्यामुळे आपण किती खाली गेलो हे डोळ्यांना कळत नाही आणि प्रवाह जोराचा असतो. उतरण्यापूर्वी त्याच्याशी पाच मिनिटं बोला : किती डाइव्ह झालेत, हवा किती उरली की वर यायचं, हरवलो तर काय करायचं. तुमचा शेवटचा डाइव्ह वर्षभरापूर्वीचा असेल तर आधी जवळच्या माबुल बेटाच्या उथळ पाण्यात उजळणी करा. आजार आणि औषधं गाइडला सांगा, कारण हे सांगणारं तुमच्यासोबत दुसरं कोणी नाही.

विम्याबद्दल : 'सगळं कव्हर आहे' या तोंडी शब्दावर जाऊ नका. किती मीटर खोलीपर्यंत, दाबकक्षाचा खर्च, रुग्णाला हलवण्याचा खर्च, ही तीन वाक्यं पॉलिसीत शोधा. सापडली नाहीत तर वेगळा डाइव्ह विमा घ्या.

प्रश्न : परतल्यावर ताप आला तर व्हायरल समजून दोन दिवस थांबावं का?

थांबू नका. सबाहच्या जंगलात माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा नोलेसी मलेरिया आहे. त्याचा परजीवी २४ तासांत एक चक्र पूर्ण करतो, त्यामुळे दोन दिवसांत माणूस गंभीर होऊ शकतो. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून तो नाही असं होत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्या प्रकारांसारखा दिसतो. नदीच्या किंवा चिखलाच्या पाण्यात उतरला असाल तर लेप्टोस्पायरोसिसही (प्राण्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) लक्षात घ्यावा लागतो. २००० साली सबाहमधल्या इको-चॅलेंज या साहसी शर्यतीनंतर सेगामा नदीत पोहलेले अनेक स्पर्धक आपापल्या देशांत परतून याच आजाराने पडले होते. ताप येईल त्याच दिवशी रक्त तपासा, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा : बोर्निओच्या जंगलात अमुक तारखांना होतो, अमुक गोळी घेत होतो, शेवटचा डाइव्ह अमुक दिवशी केला.