वाचकांचे प्रश्न : फळ्यांखाली सापडलेले चष्मे

प्रश्न : जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठ पाहिल्यापासून एक शंका मनात आहे. सिस्टर्शियन या कॅथलिक संन्यासी पंथात श्रमाला मोठे स्थान असल्याचे वाचले होते. मग मठाबाहेर पाऊल न टाकणाऱ्या त्या पंथाच्या भगिनी नेमके कोणते काम करीत?
– एक वाचक, वसई

उत्तर : सांता मोनिका ऑगस्टिनियन परंपरेतला, सिस्टर्शियनांचे कूळ निराळे. १०९८ मध्ये फ्रान्सच्या बर्गंडी भागातील सितो येथे काही संन्याशांनी संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमाचे काटेकोर पालन करण्यासाठी नवा मठ स्थापला, आणि त्या नियमाने हातांनी करायचे काम रोजच्या दिनक्रमातच घातलेले आहे. स्त्रियांचा पहिला मठ ११२५ च्या सुमारास जवळच तार येथे उभा राहिला.

तथापि श्रम म्हटल्याबरोबर नांगर धरलेली भगिनी डोळ्यांपुढे आणू नये. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ मध्ये सर्वच मठवासिनींना मठाबाहेर न पडण्याचे कडक बंधन घातले. शेत आणि गोठा बहुतांशी सेवेकरी भगिनी व मजूर पाहत, तर प्रार्थनेच्या सज्जात बसणाऱ्या, बहुधा खानदानी घरांतून आलेल्या भगिनींच्या हाती लेखणी आणि सुई असे. उत्तर जर्मनीतील वीनहाउजेन मठात त्यांनी लोकरीच्या धाग्यांनी भरलेले भिंतपडदे आजही जपलेले आहेत, आणि त्यांपैकी एकावर संतचरित्र नसून चक्क ट्रिस्टन व इझोल्ड यांची प्रेमकथा आहे! याच मठात १९५३ मध्ये सज्जाच्या लाकडी फळ्या उचलल्या, तेव्हा खाली मध्ययुगीन चष्मे सापडले : दोन गोल चौकटी खिळ्याने जोडलेल्या, कानांवर अडकवायला काड्या नाहीत, नाकावर चिमटून बसवायचे. सोबत इवलीशी प्रार्थनाचित्रेही होती. बारीक अक्षर वाचताना एखादीच्या नाकावरून चष्मा घसरला असेल आणि फटीत गेला असेल, असे मला वाटते.

सेवेकरी भगिनी आणि सज्जात प्रार्थना गाणाऱ्या भगिनी हा भेद १९६० च्या दशकात, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या सुमारास मिटला. आता पोट भरण्यासाठीही मठाला उद्योग लागतो. १८९८ मध्ये फ्रान्सहून आलेल्या भगिनींनी सुरू केलेला जपानमधील हाकोदातेचा मठ लोणी घालून केलेल्या गोड गोळ्यांसाठी ओळखला जातो. अमेरिकेतील रेंथमच्या भगिनीही मिठाई करतात. घंटा वाजताच हातातले काम सोडून प्रार्थनेला उठावे, असा बेनेडिक्टचा दंडक आहे. पाक मात्र कोणासाठी थांबत नाही, तेव्हा शेगडी पेटवण्यापूर्वी घड्याळ पाहावेच लागणार.