उंदीर पडला की घर सोडा!

प्रश्न : आमची पणजी इंदूरच्या जुन्या वाड्यात राहायची. माळ्यावर मेलेला उंदीर दिसला की सगळे मळ्यात झोपडी बांधून राहायला जात म्हणे. घरात कोणी आजारी नसताना हे कशासाठी?

उत्तर : पणजीबाई शहाण्या! प्लेगचा माग उंदरांवरूनच लागे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या, प्लेगचे जंतू असलेल्या पिसवा थंड अंग सोडून माणसाकडे वळत. मग काही दिवसांत माणसांना गाठी दिसत. पिसवांचं हे कोडं फ्रेंच डॉक्टर सिमाँनी 1898 मध्ये कराचीत उलगडलं. पुढे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदुरात आले. त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर काढला आणि ज्या भागात घरं जास्त झाडली जातील तिथूनच मिरवणूक जाईल, असं जाहीर केलं. मग काय, गाड्या भरभरून कचरा निघाला! (फर्मानानं हे झालं नसतं, असं माझं मत.) त्यांचा इंदूरवरचा अहवाल 1918 चा आहे, मिळाला तर जरूर वाचा.