‘अंडर स्क्रूटिनी’ म्हणजे अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अनुसूचित जातीसाठीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरून चार महिने झाले. मोबाईलवर अजून ‘अंडर स्क्रूटिनी’च दिसतं. कॉलेजवाले म्हणतात समाज कल्याणला विचारा, तिथले म्हणतात कॉलेजात विचारा. आता फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नाही म्हणतात. मी मजुरी करते. मुलगी म्हणते, कॉलेज सोडून कामाला लागते. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, सगळ्यात आधी मुलीला सांगा, कॉलेज सोडायचं नाही. अर्ज अडकलाय, नामंजूर झालेला नाही. तिनं मध्येच नाव काढलं तर मात्र ज्या शिष्यवृत्तीसाठी एवढ्या खेपा घातल्या, तीही हातची जाईल.

‘अंडर स्क्रूटिनी’ म्हणजे छाननी चालू आहे, इतकंच. ती कुणाकडे चालू आहे, हे शोधायचं. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, आणि त्यांनी पुढे पाठवल्यावर जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे. मुलीनं स्वतः लॉगिन करून ‘माय अप्लाइड स्कीम’मध्ये अर्ज उघडावा आणि तो सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, तिथे कधी पोहोचला, ते पाहावं. त्या पानाची प्रिंट काढून हातात ठेवा. अर्ज प्राचार्यांच्याच लॉगिनला पडून आहे असं कागदावर दिसलं, की तुम्हाला समाज कल्याणकडे कुणी पाठवू शकत नाही. माझ्या अनुभवात बहुतेक अर्ज कॉलेजातच थांबलेले असतात.

आणखी एक गोष्ट आजच बघा. प्रोफाइलला मोबाईल नंबर कुणाचा आहे? माझ्याकडे आलेल्या एका मुलाचा अर्ज उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट आहे म्हणून ‘सेंट बॅक’ झाला होता, म्हणजे दुरुस्तीसाठी त्याच्याकडे परत आला होता. त्याला पत्ताच नव्हता, कारण फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्यानं स्वतःचा नंबर टाकला होता आणि सगळे मेसेज त्यालाच जात होते. अकरा आठवडे वाया गेले. दाखला नीट स्कॅन करून पुन्हा टाकायला मात्र त्याला दहा मिनिटं लागली. परत आलेला अर्ज आपण दुरुस्त करून पुन्हा पाठवल्याशिवाय जागचा हलत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी लॉगिन करून बघत जा.

आता फीचं. तोंडी विनवण्या करू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा : शिष्यवृत्तीचा अर्ज क्रमांक अमुक, आजची स्थिती ही, रक्कम जमा होताच कॉलेजची फी भरू, तोवर परीक्षेचा फॉर्म स्वीकारावा. सोबत ती प्रिंट आणि हमीपत्र जोडा. अर्ज आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच. पात्र विद्यार्थ्यांना आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे, हेही अर्जात लिहा. कॉलेजनं तरीही ऐकलं नाही, तर हीच पोच घेऊन सहायक आयुक्तांना भेटा.

अर्ज मंजूर झाल्यावरही पैसे येईपर्यंत लक्ष ठेवावं लागतं. या योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो. दोन्ही रकमा एकाच दिवशी येत नाहीत, त्यामुळे अर्धीच आली म्हणून घाबरू नका. या रकमा आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. बँकेत केवायसीसाठी, म्हणजे ओळख पडताळणीसाठी, आधार दिलं म्हणजे झालं, असं लोक समजतात. तसं नाही. शिष्यवृत्तीसाठी खातं एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेकडे, आधारशी जोडलेलं लागतं, आणि एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं. मध्यंतरी मुलीनं दुसऱ्या बँकेत खातं काढून तिथं आधार जोडलं असेल, तर पैसे तिथे जातील. कोणती बँक जोडलेली आहे ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. खातं बंद पडलेलं नाही ना, तेही बँकेत विचारा. पूर्ण केवायसी नसलेल्या छोट्या खात्यात एरवी 50 हजारांपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही; सरकारी अनुदान जमा होताना ही मर्यादा धरत नाहीत, तरी आधीच केवायसी पूर्ण करून घेतलेली बरी. रकमेतला फीचा भाग लगेच कॉलेजात भरा आणि पावती जपून ठेवा.

एवढं करूनही महिनाभरात काही हललं नाही, तर पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि माहिती अधिकारात विचारा : हा अर्ज कोणत्या तारखेपासून कुणाकडे प्रलंबित आहे आणि का? फी 10 रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. असा अर्ज गेला की फाइल हललेली मी पाहिली आहे.

तिसऱ्या वर्षाचा अर्जही याच प्रोफाइलवरून भरायचा आहे. तेव्हा युजर आयडी आणि पासवर्ड मुलीच्या वहीत लिहून ठेवा, आणि मोबाईल नंबर आधी तिचा स्वतःचा करून घ्या.