हरळी काढायची की लावायची?

प्रश्न : काका, मी निपाणीजवळच्या एका खेड्यातला, बीएस्सी अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मे-जूनच्या सुट्टीत इंटर्नशिप करावी म्हणून दोन ठिकाणी विचारून ठेवलंय, एक साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागात आणि दुसरी क्रिकेट ग्राउंडचं गवत सांभाळणाऱ्या कंपनीत. बाबा म्हणतात, आमी जन्मभर उसातली हरळी उपटली आणि तू आता ती लावायचं शिकायला जाणार होय? काय करू?

उत्तर : बाबांचं वाक्य वाचून मी हसलो आणि मग वाटलं की अरे, ह्यातच तर उत्तर हाय. कारण ते बर्म्युडा ग्रास म्हणून जे एवढं मोठं नाव घेतात ती आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्राउंडवर बहुतेक तिच्या संकरित जाती असतात, त्यातली टिफवे 419 ही अमेरिकेत जॉर्जियात तयार झाली आणि 1960 ला बाहेर आली. तिला बी धरतच नाही, मग लावायची कशी तर तुकडे लावून, म्हणजे उसाच्या कांड्या लावतो तसंच की! तू अर्धं काम घरातनंच शिकून आलायस.

मला विचारशील तर ग्राउंडवर जा. कारखाना वाईट म्हणून नव्हे, पण मे-जूनला गाळप बंद असतंय, तोडणी नाही, रिकव्हरी म्हणजे उसातनं साखर किती उतरली ते मोजणं नाही, मग तुला ऊस नोंदीच्या रजिस्टरवर बसवतील. (मी शिकत असताना एका बियाणे कंपनीत महिनाभर गेलतो, दुसऱ्याच दिवशी झेरॉक्स काढायला बसवलं ते शेवटपर्यंत, शेत बघितलं ते जेवायच्या सुट्टीत खिडकीतनं.) कारखान्यात जायचंच असेल तर गाळप हंगामात जा, शेवटच्या वर्षी रावेला (गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायचा तो कॉलेजचा कार्यक्रम) गावात राहायचंच आहे, तेव्हा कॉलेजला विचारून तेही जमतंय का बघ.

ग्राउंडवर काय बघायचं ते सांगतो. पहिलं कापणी. गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या हिरवळीवर, गवत 3-4 मिलिमीटरला ठेवतात, क्रिकेटच्या आउटफिल्डवर 10-15 च्या आसपास, आणि एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, नाहीतर मुळं मागं पडतात. आता विचार कर, आठवडाभर सलग पाऊस, मशीन चिखलात घालता येत नाही, गवत वाढतच चाललंय, मग उघडीप मिळाली की एकदम खाली कापायचं का टप्प्याटप्प्यानं? हा प्रश्न तिथल्या माणसाला विचार, पुस्तकातनं कळत नाही ते.

दुसरं खत-पाणी. चांगली आउटफिल्ड वाळूवर केलेली असते, पाणी खाली जातं तसं खतही जातं, म्हणून थोडं थोडं द्यायला लागतं, तुमच्यात ड्रीपमधनं सोडतात तसं. पण मधली 22 यार्डांची खेळपट्टी चिकणमातीची, तिथं रोलर आणि ओलावा ह्याचा खेळ. एकाच मैदानात दोन जमिनी, अजून काय पाहिजे? बंगळुरूला चिन्नास्वामी स्टेडियमवर तर जमिनीखालनं पाणी ओढून घेणारी सबएअर सिस्टीम बसवलीय, पाऊस थांबला की थोड्या वेळात मॅच चालू.

आणि हुमणी! उसाची मुळं खाणारी ही अळी लॉनचीही मुळं खाते, गवत पिवळं पडतं आणि ओढलं की गालिच्यासारखं हातात येतं. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर येतात हे तुला लहानपणापासनं माहिती असणार, कंपनीतल्या शहरी पोरांना नसणार. तिथं तोंड उघड.

रोज रात्री वहीत लिही: कापणी किती मिलिमीटर, पाणी किती, खत कुठलं, रोग दिसला तर कुठल्या कोपऱ्यात. सर्टिफिकेट सगळ्यांकडं असतंय, असली वही कुणाकडं नसते. बाबांना सांग, हरळीला लोक पैसे देऊन मरू देत नाहीत, ती जगते कशी हे कळलं की उसातली मारायचीही कळेल.

प्रश्न : मी खानापूरची, घरी भातशेती. इंटर्नशिपला स्टायपेंड विचारला तर वाईट दिसेल का काका? आणि माझं कन्नड कच्चं आहे.

उत्तर : विचार की गं, त्यात काय वाईट. राहायची सोय, जाण्या-येण्याचा खर्च, काम किती वाजेपर्यंत, मुलींसाठी वेगळं टॉयलेट आहे का, हे सगळं आधी मेलवर लेखी घे, तोंडी 'बघूया' म्हणाले तर नाही समजायचं. कन्नडचं म्हणशील तर अधिकाऱ्यांशी इंग्लिश-हिंदीत निभतंय, पण शिकायचं असतंय ते माळ्याकडनं आणि कामगार बायकांकडनं. नीरु म्हणजे पाणी, हुल्लु म्हणजे गवत, गोब्बर म्हणजे खत, एवढ्यावर सुरुवात कर. आणि मळे म्हणजे पाऊस हां, आपले मळे नव्हेत. मी पहिल्या आठवड्यात 'मळे बंतु' ऐकून कुणाचा मळा आला म्हणून बघत बसलो आणि चिंब भिजलो.