वडिलांना नवीन स्मार्टफोन दिलाय. फसवणूक होऊ नये म्हणून त्यात कोणतं ॲप टाकू?

ॲप नंतर शोधा. काही गडबड झाली तर वडील तुम्हाला लगेच सांगतील का, ते आधी बघा.

आमचे अण्णा एसटीतून रिटायर झालेले, वाईला असतात. त्यांच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, आली. त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेला होता. अण्णांकडे स्कूटर आहे. दंड लागला असेल म्हणून त्यांनी फाइल उघडली आणि विचारेल त्याला ‘अलाउ’ दाबत गेले. त्यात एसएमएस वाचायची परवानगीही गेली. रात्री खात्यातून पैसे गेले. ओटीपी त्यांनी कुणालाही सांगितला नव्हता, ते ॲपच वाचून पुढे पाठवत होतं. तरी बँकेतला साहेब तोंडावर म्हणाला, “आजोबा, तुम्हीच दिला असणार.” माझं डोकंच फिरलं.

पैसे गेल्याचा मेसेज अण्णांनी रात्रीच पाहिला होता. बोलले मात्र नाहीत. कारण दिवाळीत थोरल्या दादाने सगळ्यांसमोर सुनावलं होतं, “काही घोळ घातलात तर हा फोन काढून घेईन.” आईने पासबुक भरून आणलं तेव्हा घरात कळलं. तक्रारीसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन गेला असता तर पैसे पुढच्या खात्यातच अडवता येण्याची शक्यता होती. आम्ही केला तोवर ते खात्यांमागून खाती फिरून निघून गेले होते.

दादा अजूनही म्हणतो, म्हाताऱ्या माणसांना स्मार्टफोन हवाच कशाला? अरे, पेन्शनसाठी हयातीचा दाखला आता घरबसल्या फोनवरून देता येतो, गॅसचा नंबर फोनवरून लागतो, नातवंडं फोनवरच दिसतात. धाक घालून माणूस सावध होत नाही, लपवायला शिकतो.

तर, वडिलांशेजारी बसून एवढं करा. सेटिंगमध्ये व्हॉट्सॲप आणि क्रोमला बाहेरची ॲप टाकायची असलेली परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोकादायक ॲप तपासणारी सोय, चालू ठेवा. एसएमएसची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघून नको त्यांची काढा. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडूच नका. थोडे पैसे असलेलं वेगळं खातं जोडा. आणि तसली फाइल उघडलीच गेली तर आधी नेट बंद करायचं, मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०. हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी चिकटवा.

हे अँड्रॉइडचं झालं. आयफोनवर एपीके चालत नाही, पण व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात ‘डिजिटल अरेस्ट’ करणाऱ्याला फोन कोणता याने काही फरक पडत नाही. अशी अटक कायद्यातच नाही, आणि “घरच्यांना सांगू नका” हीच त्याची पहिली अट असते. म्हणून दादाशी माझं अजूनही वाजतं.