पटावरची पावलं : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीतल्या लढाईबद्दल आहेत, आणि त्यातही चालीबद्दल. उत्तरांत पटावरचा एक चौकोन 5 फुटांचा आणि पात्राचा वेग पाळीला 30 फूट धरला आहे.

प्रश्न : माझा फायटर गॉब्लिनच्या समोर होता. वळसा घालून मी त्याच्या पाठीमागे गेलो, तर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) गॉब्लिनला ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे निसटणाऱ्यावरचा फुकटचा वार, दिला. हे बरोबर आहे का? (म्हापसा)

नाही. हा वार शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडताना बसतो, टप्प्याच्या आत हलल्याबद्दल नव्हे. गॉब्लिनच्या तलवारीचा टप्पा 5 फूट, म्हणजे त्याच्या सभोवारचे आठ चौकोन. त्या आठांत तुम्ही खुशाल फिरा. तुमच्या डीएमचा हात बहुधा जुन्या 3.5 आवृत्तीवर बसलेला असावा. तिथे शत्रूच्या टप्प्यातला कोणताही चौकोन सोडला की वार ओढवायचा, पुढचा चौकोन टप्प्यात असला तरीही.

वार बसतो तो बाहेर पडण्याच्या अगदी आधी. म्हणजे तुमचे हिट पॉइंट (जीव) शून्यावर आले तर जुन्याच चौकोनात पडता, आणि बरं करायला येणाऱ्या क्लेरिकला तिथवर यावं लागतं. त्यात गॉब्लिनची रिॲक्शन (फेरीत एकदाच करता येणारी झटपट कृती) खर्च होते, ती त्याच्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीलाच परत मिळते. म्हणून माघार घ्यायची तर पाळी आधी येत असेल तेव्हा चिलखतवाल्याने आधी निघावं आणि वार अंगावर घ्यावा, मागच्यांना वाट मोकळी होते. डिसएंगेज (सावधपणे निसटणं) घेतलं तर वार नाही, पण पाळीतली अख्खी ॲक्शन, म्हणजे मुख्य कृती, जाते. कोणी ढकलल्यामुळे तुम्ही बाहेर गेलात तरी वार नाही. ग्लेव्हवाल्याचा (लांब दांड्याच्या पात्याचं हत्यार) टप्पा 10 फूट असतो, त्यामुळे त्याच्यापासून एक चौकोन मागे सरकलेला शत्रू अजून टप्प्यातच असतो. इथे नवे खेळाडू हमखास चुकतात.

प्रश्न : पुढच्या खेळासाठी खाजनाचा (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीचा) नकाशा काढलाय. मधून 5 फूट रुंद बांध, दोन्ही बाजूंना चिखल, आणि मानशीजवळ (पाणी सोडायच्या दाराजवळ) बांध फुटून 10 फुटांचं खांड पडलंय. चिखलाचं गणित कसं ठेवू? (फोंडा)

नकाशा छान आहे, कारण इथे प्रत्येक चौकोनाला किंमत आहे. चिखल म्हणजे डिफिकल्ट टेरेन (अवघड जमीन), एक फूट जायला दोन फूट वेग खर्च. बांधावर दोन चौकोन चालून कोणी खाली उतरला तर उरलेल्या 20 फुटांत चिखलाचे दोनच चौकोन. चिखलात पालापाचोळा अडकलेला असला तरी दुप्पटच राहतं, चौपट करू नका. रांगणं मात्र त्यावर आणखी चढतं : चिखलात रांगताना फुटाला तीन फूट.

आता पडलेल्या माणसाचं बघा. उठायला निम्मा वेग, 15 फूट. उरलेल्या 15 मध्ये चिखलाचा एक चौकोन जातो (10), आणि राहिलेल्या 5 फुटांत दुसरा येत नाही. तोच माणूस न उठता रांगला तर दोन चौकोन जातो. खेळाडूंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळे सवयीने उठतात.

खांडावरून उडी : 10 फूट धावत आलं तर ताकदीचा आकडा तितके फूट, जागच्या जागी निम्मे. म्हणजे ताकद 10 असली तरी धावत येऊन पार, पण उभ्याउभ्या मारायची तर 20 लागते. उडीचे फूटही वेगातूनच जातात, त्यामुळे धाव आणि उडी मिळून 20 संपले. पलीकडची कड चिखलाची ठेवलीत तर उतरताना DC 10 ची ॲक्रोबॅटिक्स (तोल सांभाळायला फाशाने किमान 10 गाठायची कसोटी), चुकला की आडवा.

बांध एकाच माणसाच्या रुंदीचा आहे, त्यामुळे पुढचा अडला की मागचे खोळंबतात. सोबत्याच्या चौकोनातून जाता येतं, तिथे थांबता येत नाही. पाचव्या आवृत्तीच्या मूळ 2014 च्या नियमांत तो चौकोन दुप्पट मोजायचा, सुधारित 2024 च्या नियमांत सोबत्याचा साधाच मोजतात. कोणते नियम धरायचे ते खेळाआधी ठरवा. मागून सोबत्याच्या अंगावरून तीर मारला तर शत्रूला हाफ कव्हर (अर्धा आडोसा), AC ला (वार लागायला गाठायच्या आकड्याला) +2. डीएम हे वारंवार विसरतात.

प्रश्न : फ्लँकिंग वापरावं का? (डिचोली)

आमचं मत, नको. 2014 च्या डीएमच्या पुस्तकात तो ऐच्छिक नियम आहे : शत्रूच्या बरोबर समोरासमोरच्या बाजूंना दोघे उभे राहिले की दोघांनाही ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं). पण वर पाहिलंत तसं, शत्रूला वळसा घालणं फुकट आहे. मग दोन पाळ्यांत सगळे एकाआड एक रांगेत उभे राहतात. ॲडव्हांटेज मिळवून देणाऱ्या खास क्षमतांना, म्हणजे लांडग्यांच्या पॅक टॅक्टिक्सला आणि बार्बेरियनच्या रेकलेस अटॅकला, काही अर्थच उरत नाही. हवंच असेल तर ॲडव्हांटेजऐवजी नुसता +2 द्या.

प्रश्न : तिरकं चालणं कसं मोजायचं? आणि पट कशाचा करू? (मडगाव)

तिरका चौकोनही 5 फूटच. भिंतीचा कोपरा मात्र कापता येत नाही. ज्यांना हे खटकतं त्यांच्यासाठी 5-10-5-10 ची ऐच्छिक मोजणी आहे, त्यात 30 फुटांत सहाऐवजी चारच तिरके चौकोन होतात.

पटासाठी कार्डशीटवर चौकोन आखून वर टेबलाचं पारदर्शक प्लास्टिक घाला, कारण आपल्या पावसाळ्यात उघडा कागद दोन दिवसांत वळतो. सोंगट्या म्हणून कॅरमच्या वापरणार असाल तर एक इंचाचा चौकोन पुरत नाही. सोंगटी जेमतेम 3 सेंटिमीटरच्या वर असते, तेव्हा चौकोन साडेतीनचा काढा. व्हाइटबोर्ड मार्करच्या रेघा खेळ संपल्यावर त्याच रात्री पुसा, राहिल्या तर प्लास्टिकवर डाग धरतात.